कुठल्या चिखलाची निवटी

हेमा,

परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. फोटो ओळखपत्रावरचा लावला होता, ज्यात तू फोटो काढणाऱ्यावर डाफरण्याच्या बेतात आहेस तो. तुझ्या पदव्या सांगून झाल्या, नोकरीची वर्षं सांगून झाली, आणि मग एकामागून एक सगळ्यांनी तुला मनमिळाऊ म्हटलं. मनमिळाऊ! मी खाली मान घालून हसू दाबत होते आणि दाबता दाबता त्याचं रडू झालं. मला बोलायला उभं केलं तेव्हा दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि बसले. मला जे सांगायचं होतं ते त्या हॉलमध्ये कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आपल्या निवटीच्या पिल्लांचे रिझल्ट आलेत. तू गेलीस आणि मग आले.

पण लगेच सांगणार नाही. तूही कधी मला लगेच सांगितलं नाहीस. आधी चहा, मग माझ्या साडीवर शेरा, आणि मग दारातून जाता जाता, "वृंदे, तुझं बहुतेक चुकतंय हं."

एकाच लॅबच्या दोन टोकांना आपण बसायचो. तुझ्या टोकाला माशांचा डीएनए, माझ्या टोकाला माशांचा श्वास. मासा कुणाच्या वंशातला आहे हे तू शोधायचीस. तो आत्ता कसा जगतोय, किती प्राणवायू घेतो, घाण पाण्यात कितपत तग धरतो, हे मी मोजायचे. मधल्या ओट्यावर दोघींचे डबे. तू आलीस तोवर मी पुस्तकातलेच मासे शिकवत होते. जन्म ठाकुर्लीत गेला, खाडी घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण आमच्या लेखी खाडी म्हणजे गणपती बुडवायची जागा. आणि तू ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. माजिवड्याला फ्लॅट घेऊन इतकी वर्षं झाली, तरी "घरी जाते" म्हणालीस की ते आईकडे, खाडीवर.

तिथे तू मला पहिल्यांदा नेलंस तेव्हा ओहोटी लागली होती. तिवरांच्या पलीकडे नुसता करडा चिखल पसरलेला. मी म्हटलं, "इथे काय बघायचंय?" तू म्हणालीस, "चूप बस आणि बघ." थोड्या वेळाने चिखलच हलायला लागला. जिथे तिथे निवट्या. बोटाएवढ्या, डोक्यावर बेडकासारखे डोळे, पुढच्या पंखांवर अंग रेटत चाललेल्या. दोन नर पाठीवरचा पंख उभारून, तोंडं वासून एकमेकांसमोर ठाकले होते, पार्किंगवरून भांडणाऱ्या माणसांसारखे. मासा पाण्याबाहेर येऊन भांडतो हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते, पण बघितलं नव्हतं. मी पुढे झाले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. तुझी आई काठावरून ओरडली, "ओढू नको गो पाय! वाकव, पुढं वाकव!" वाकवता वाकवता मी अख्खी आडवी झाले. बाहेर आले तेव्हा तुम्ही मायलेकी एकमेकींना धरून हसत होतात आणि माझी एक चप्पल कायमची खाडीची झाली होती.

त्या संध्याकाळी तुझ्या आईने, म्हणजे मावशींनी, निवटीचं कालवण केलं आणि माझ्यासाठी वालाचं बिरडं. तू बोटं चाटत होतीस. मी म्हटलं, "सकाळी जिच्याकडे कौतुकाने बघितलं तीच ताटात? काहीच वाटत नाही तुला?" तर तू म्हणालीस, "तू तिला बाटलीत कोंडून तिचा श्वास मोजणार. मी भूक लागली म्हणून खाते. जास्त वाईट कोण?" मी निवट्या गुदमरायच्या आत बाहेर काढते, एकही मरू देत नाही, वगैरे सांगत बसले. हे भांडण आपण पुढे दर पावसाळ्यानंतर नव्याने काढायचो. ते मिटलेलं नाही. तुझ्या बाजूने अजून काही मुद्दे असतील तर ते आता मलाच शोधावे लागणार.

मला त्या माशाचं वेड लागलं ते त्याच्या बिळामुळे. चिखलाखालच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतोच. मग अंडी जगणार कशी? तर निवटी वर येते, तोंडात हवा भरून घेते, खाली जाऊन बिळाच्या एका कोपऱ्यात सोडते, पुन्हा वर येते. घोटाघोटाने घरात हवा भरते. हे मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू पिपेट खाली ठेवलीस. "कोण शिकवतं तिला?" मी म्हटलं, "कोणी नाही, उपजतच." "म्हणजे माझ्या खात्यात!" असं म्हणून तू टाळी वाजवलीस. तिथून आपलं एकत्र काम सुरू झालं.

आपण दोन चिखल निवडले. एक तुझ्या कोळीवाड्यामागचा, ठाण्याच्या खाडीचा. दुसरा माझ्याकडचा, डोंबिवलीच्या रेतीबंदराजवळचा, जिथे वरून शहरांचं सगळं सांडपाणी येतं आणि ओहोटीला नाकाला पदर लावावा लागतो. मी दोन्हीकडच्या निवट्या घाण पाण्यात ठेवून बघितल्या. तुमच्याकडच्या लवकर कासावीस व्हायच्या. आमच्याकडच्या निवांत. तू म्हणालीस, "डोंबिवलीकर! कशातही राहतील." मग तू प्रत्येकीच्या पंखाचा इवलासा तुकडा घेतलास, तो पुन्हा उगवतो, आणि त्यातून डीएनए काढलास. त्या डीएनएत काही जागी दोन्हीकडच्यांत फरक निघाला. थोडाच, पण पुन्हा पुन्हा तोच.

तू म्हणालीस, रक्तातच आहे. या दोन वेगळ्या जमाती होत चालल्यात.

मी म्हटलं, सवय आहे. घाणीत वाढली की अंग घाणीला सरावतं. तुला मी ठाकुर्लीत आणून ठेवलं तर तूही सरावशील. आणि डीएनएतला तेवढा फरक योगायोगानेही असू शकतो.

मग दोन्हीकडच्या निवट्या काही आठवडे एकाच स्वच्छ पाण्यात ठेवून पुन्हा तपासल्या. मला वाटलं होतं, आता निकाल लागेल. आठवतं? फरक कमी झाला होता, पण गेला नव्हता. तू माझ्या खांद्यावरून आकडे वाचून ओरडलीस, "गेला नाही ना?" आणि मी तेच आकडे दाखवत ओरडले, "कमी झाला ना?" बाहेरून जाणारा शिपाई डोकावून म्हणाला, "मॅडम, काही फुटलं का?"

मला हे तुला कधी सांगता आलं नाही: मी एरवी एकदा मोजून पुढे गेले असते. तुझ्यासमोर मांडायचं म्हणून पुन्हा मोजायचे, उपकरण बदलून मोजायचे, कुठली निवटी कुठली हे स्वतःपासून लपवून मोजायचे. माझ्या हातून जे काही नीट काम झालं ते तुला तोंड द्यायचं होतं म्हणून. हे कृतज्ञतेने म्हणतेय. शोकसभेत असं बोलता येत नाही.

मग ती सभा झाली. तुमच्या कोळीवाड्यामागच्या चिखलावर भराव घालून रस्ता न्यायचं चाललं होतं. शाळेच्या हॉलमध्ये लोकांना बोलावलं होतं. तिथे रस्ता बांधणाऱ्यांच्या एका सल्लागाराने समजावलं, मासे काय, इकडचे गेले तर तिकडून येतील, खाडी सगळी एकच आहे. तू दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आलीस ती पर्सही खाली न ठेवता बोलायला लागलीस.

"आपला लेख पाठव. आणि त्यात स्वच्छ लिही की ठाण्याची निवटी ही वेगळी जमात आहे. एकदा गेली की परत येणार नाही."

"हेमा, तसं आपल्याला माहीत नाही."

"माझा डीएनए सांगतोय."

"तुझा डीएनए थोडा फरक आहे एवढंच सांगतोय. तिची पिल्लं सुरुवातीला भरती-ओहोटीबरोबर वाहत असतात. कुठली कुठे जातात ते आपण बघितलेलंच नाही."

"तुझं 'माहीत नाही' संपेपर्यंत तिथे चिखल उरायचा नाही, वृंदा."

वृंदे नाही, वृंदा. मी ते वाक्य लिहिलं नाही. लेख तसाच राहिला. काही आठवडे आपण मधल्या ओट्यावर डबे एकत्र उघडले नाहीत. हेमा, आजही मला वाटतं मी लिहिलं नाही ते बरोबर केलं. आणि आजही वाटतं, तुझी घाई खरी होती. ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात. पटत नाही त्यांचं, पण कुणी घर सोडतही नाही.

नंतर तुझं पोट दुखायला लागलं आणि ते यकृताचं निघालं. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा काय बोलायचं हे येताना ठरवून आले होते. तू काही बोलूच दिलं नाहीस. उशी पाठीशी घेतलीस आणि म्हणालीस, "पिल्लं."

"काय पिल्लं?"

"वाहून आलेली पिल्लं चिखलावर टेकतात ना पहिल्यांदा, गणपती गेले की? तीच पकड. दोन्हीकडची. अजून घाणीची सवय लागलेली नसते त्यांना. एकाच स्वच्छ पाण्यात वाढव. मग तपास. म्हणजे तुझी सवय बाजूला निघाली."

मी विचार केला आणि म्हटलं, "पण डोंबिवलीला टेकलेलं पिल्लू डोंबिवलीचंच कशावरून? वाहत आलंय ते."

तू इतकी खूश झालीस की सलाइनचा हात हलला. "म्हणूनच माझा डीएनए! कुठल्या आईबापाचं ते मी सांगेन, कसं जगतं ते तू सांग." मग जरा दमून म्हणालीस, "म्हणजे मी नसले तर देसले सांगेल. त्याला सगळं दाखवून ठेवलंय."

देसले सर तुझे तास घ्यायला लागले होते हे मला माहीत होतं. त्यांना तू हे काम शिकवून ठेवलं होतंस, हे त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "वेगळी जमात नाही निघाली तर?" तू डोळे मिटून म्हणालीस, "तर काय निघतं ते बघायला मला जास्त आवडेल." एवढ्या वर्षांत तू मला दिलेलं हे सगळ्यात सुंदर उत्तर. मी नुसती मान हलवली. तुझे डोळे मिटलेले होते, म्हणजे तेही तुला दिसलं नसणार.

गणपती झाल्यावर मी तुझ्या कोळीवाड्यात गेले. मावशी जाळी घेऊन तयार होत्या. त्यांचे गुडघे चालत नाहीत, तरी काठावर पाट मांडून बसल्या आणि मला सूचना देत राहिल्या. या खेपेला मी पाय वाकवून चालले. पिल्लं नखाएवढी, अंगातून आरपार दिसणारी. मावशींनी एक तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "हिला काय ठावं, कुठं आली ती." पुढच्या ओहोटीला रेतीबंदराची आणली. सगळी एकाच पाण्यात वाढवली. रविवारीसुद्धा लॅबमध्ये जाऊन खायला घालायचे आणि येताना तुझ्याकडे येऊन सांगायचे: आज खाल्लं, आज भांडली, आज एकीने पंख उभारला. तुझं बोलणं कमी होत गेलं. पण ऐकताना तू प्रश्न विचारायचीस, एका शब्दाचे. "दोन्हीकडची?" "सारखी?" शेवटचा प्रश्न "वजन?" असा होता. मी सांगितलं. तुला ते पटलं असावं.

तर आता सांगते.

डीएनएत तुला ज्या जागी दोन्हीकडच्या मोठ्या निवट्यांत फरक दिसत होता, त्या जागी पिल्लांमध्ये फरकच नाही. डोंबिवलीला टेकलेली आणि ठाण्याला टेकलेली, सगळी सरमिसळ. खाडी दर वर्षी सगळ्यांना एकत्र ढवळते आणि जिथे पाणी नेईल तिथे टाकते. म्हणजे वेगळी जमात नाही, हेमा. तिथे माझं बरोबर.

पण थांब, तोंड पाडू नकोस. वाढलेल्या पिल्लांना मी घाण पाण्यात ठेवलं तेव्हा दोन्हीकडच्यांत काही निवांत होती, काही लगेच कासावीस. एकाच पाण्यात वाढलेली, एकच खाणं खाल्लेली, सवयीचा प्रश्नच नाही. देसल्यांनी त्यांचा डीएनए बघितला. निवांत होती त्यांच्यात जास्त करून तेच निघालं जे डोंबिवलीच्या मोठ्या निवट्यांत तुला दिसायचं. म्हणजे रक्तातच आहे. तिथे तुझं बरोबर, आणि मी योगायोग म्हणत होते तो योगायोग नव्हता. मोठ्यांमधला थोडा फरक स्वच्छ पाण्यात कमी झाला होता, तेवढी सवय. उरला तो तुझा.

मग दोन्हीकडच्या मोठ्या निवट्या वेगळ्या का? कारण टेकतात सगळी सारखीच. नंतर चिखल निवडतो. रेतीबंदराला जी तग धरत नाहीत ती मोठी होईपर्यंत उरतच नाहीत. आणि हे एकदा होऊन संपत नाही. उरलेल्यांची पिल्लं पुन्हा खाडीत वाहतात, पुन्हा मिसळतात, पुन्हा कुठेही पडतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. दर वर्षी. पक्कं म्हणायला अजून नमुने हवेत, एवढं तू मला म्हणू देशील. पण हे आपल्या दोघींपैकी कुणालाही सुचलं नव्हतं! देसले आकडे वाचत होते आणि मी उठून तुझ्या टोकाला गेले, तुला सांगायला. तिथे तुझं स्टूल होतं. मग मी त्यावर बसले आणि बाकीचं तिथूनच ऐकलं.

कोळीवाड्यात पुन्हा सभा होती. मावशींचा निरोप आला म्हणून गेले. मी अशा ठिकाणी कधी बोललेली नाही, तुला माहीत आहे. त्याच सल्लागाराने तेच म्हटलं, तिकडून येतील. मी हात वर केला.

"येतील, हे खरं आहे," मी म्हटलं. हॉलमधले सगळे कोळीवाडेकर माझ्याकडे वळले, ही कुणाच्या बाजूची म्हणून. "पिल्लं कुठूनही येतात. पण तिकडच्या चिखलात त्यातली बरीचशी मरतात. मोठी होऊन अंडी घालणारी इथे जास्त आहेत. इथला चिखल बुजवलात तर तिकडे जाणारी पिल्लंही कमी होतील असं आमच्या कामावरून दिसतं. खाडी एकच आहे म्हणूनच सांगतेय."

तो म्हणाला, "हे नक्की आहे का मॅडम?"

तू असतीस तर हो म्हणाली असतीस. मी म्हटलं, "पिल्लं मिसळतात हे नक्की. इथून किती जातात ते अजून मोजायचंय. ते मोजेपर्यंत बुजवू नका." सभा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. ओहोटीला स्वतः चिखल बघायला येतो म्हणाले, आणि तोवर भरावाच्या गाड्या थांबल्यात. किती दिवस, माहीत नाही. आपला लेख मात्र काल पाठवला. तुझं नाव आधी, माझं नंतर. यावर भांडू नकोस.

सभा सुटल्यावर मावशींना हात धरून घरी नेत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आता मना सांग, कुनाचा खरा निंगाला? तुजा का माज्या पोरीचा?"

"अर्धं तिचं, अर्धं माझं, मावशी."

"तसा नको. पुरा सांग."

मग त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. पिल्लं कशी वाहतात, कशी मिसळतात, कुठल्या चिखलात पडायचं हे त्यांच्या हातात कसं नसतं, आणि मग त्यातली काहीच कशी उरतात. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग समोर भरतीचं पाणी चढत होतं तिकडे बघत म्हणाल्या, "आनि जी मेली, ती काय वायट व्हती का गो?"

मी म्हटलं, "नाही मावशी. वाईट नव्हती. दुसरीकडे पडली असती तर जगली असती."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि पाणी तिवरांपर्यंत येईतो सोडला नाही.

हेमा, आपण आजवर उरलेल्या निवट्याच मोजल्या. जी उरत नाहीत त्यांच्यात काय असतं? नुसतं काहीतरी कमी असतं, की स्वच्छ पाण्यात उपयोगी पडेल असं काही जास्तीचंही असतं? मला वाटतं, असतं. पुढच्या गणपतीनंतर पिल्लं टेकली की लगेच त्यांचा डीएनए घ्यायचा असं देसल्यांशी ठरवलंय, चिखल निवडायला लागायच्या आत. ते लगेच हो म्हणाले. तू म्हणाली नसतीस. तू काहीतरी खोट काढली असतीस. मी दोन दिवस शोधतेय ती कुठे असेल.